अज्ञानाचा लाभ कोणाला?

कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, हे तत्त्व न्यायालयात शोभून दिसते. वसई पूर्वेच्या एखाद्या औद्योगिक गाळ्यात सहा माणसे कामाला ठेवून प्लास्टिकचे सुटे भाग तयार करणाऱ्या लहान मालकाला ते ऐकवून पाहावे. तो हसेल किंवा चिडेल. सकाळी वीज गेलेली असते, दुपारी माल नापसंत होऊन परत येतो, संध्याकाळी बँकेचा हप्ता उभा असतो. या धबडग्यात शासनाने राजपत्रात काय छापले ते त्याने केव्हा वाचावे? प्रश्न रास्त आहे, आणि तो आता आपल्या घरांतला प्रश्न झाला आहे. एके काळी आपला समाज शेतकऱ्यांचा, बागायतदारांचा आणि नोकरदारांचा होता. ‘मालक’ हा शब्द आपण दुसऱ्यांसाठी वापरत असू. आज आपल्याच धर्मग्रामांत लहान कारखाने आहेत, दुकाने आहेत, केटरिंगचे व मंडपाचे धंदे आहेत, रोपवाटिका, प्रसूतिगृहे, रिसॉर्ट आहेत. आपल्या संस्थांच्या शाळा आहेत. नोकरी मागणाऱ्यांच्या रांगेतून आपल्यापैकी पुष्कळजण नोकरी देणाऱ्याच्या खुर्चीवर आले. त्या खुर्चीबरोबर कोणती कर्तव्ये येतात, याची चर्चा मात्र आपल्याकडे फारशी झाली नाही.

प्रथम त्या लहान मालकाची बाजू मांडली पाहिजे, कारण ती खरी आहे. १ एप्रिल २०१७ पासून प्रसूतीची भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. त्याच वर्षी डिसेंबरात १९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा जाऊन महाराष्ट्राचा नवा कायदा आला. दहांपेक्षा कमी कामगार असणाऱ्यांना नोंदणीऐवजी केवळ सूचना देणे पुरेसे झाले. जुलै २०१९ मध्ये राज्य कामगार विमा योजनेची वर्गणी साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर उतरली. एप्रिल २०२३ पासून महिना पंचवीस हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना व्यवसाय करातून सूट मिळाली. पूर्वी ही मर्यादा दहा हजारांची होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने कायद्याची कामगारसंख्येची मर्यादा दहावरून वीसवर नेण्याचा आणि कामाचा दिवस नऊ तासांवरून दहा तासांचा करण्यास वाव देण्याचा निर्णय घेतला. तोवर २१ नोव्हेंबर २०२५ हा दिवस उजाडला, आणि केंद्राचे एकोणतीस कायदे पोटात घेणाऱ्या चार श्रमसंहिता अमलात आल्या. अधिनियम एका दिवशी येतो. त्याखालचे नियम केंद्र आणि राज्य आपापल्या चालीने करतात. याखेरीज दर वर्षी १ जानेवारीला व १ जुलैला किमान वेतनावरील विशेष भत्त्याचा आकडा बदलतो, तो निराळाच.

शिवाय हा आकडा सर्वत्र एक नसतो. किमान वेतनाच्या बहुतेक अधिसूचनांत राज्याची तीन परिमंडळे केलेली असतात. महानगरपालिकांचे क्षेत्र पहिल्यात, नगरपरिषदांचे दुसऱ्यात, उरलेला भाग तिसऱ्यात. म्हणजे गावाच्या सीमेवर महानगरपालिकेचा फलक लागला की त्याच दुकानातल्या त्याच नोकराच्या वेतनाचा आकडा बदलू शकतो. आपल्याकडे गावे महानगरपालिकेत असावीत की नसावीत यावरून केवढे रण माजले! पाणी, हिरवा पट्टा, घरपट्टी, गावपण या सर्वांवर सभा झाल्या, मोर्चे निघाले. त्या सर्व भाषणांत गावातल्या नोकराच्या परिमंडळाविषयी कोणी एक वाक्य बोलल्याचे मला तरी आठवत नाही.

तेव्हा कायदा वेगाने बदलतो, तो अवघड भाषेत असतो आणि तो मालकाच्या दारात आपण होऊन येत नाही, हे तीनही आक्षेप मान्य करावे लागतात. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात कायद्याची व्याख्या करताना एक अट घातली आहे. कायदा हा लोकहितासाठी केलेला, बुद्धीला धरून असलेला आदेश असावा आणि तो जाहीर केलेला असावा. जाहीर न केलेला कायदा त्यांच्या मते बंधनकारक होत नाही. त्यांनी पुढे जाऊन असेही म्हटले आहे की, कायदा वारंवार बदलणे हीच एक हानी आहे. माणसे बहुतांशी सवयीने कायदा पाळतात आणि बदलाने ती सवय मोडते. म्हणून बदलाचा लाभ या हानीहून मोठा असेल तरच बदल करावा. रोमचा सम्राट कॅलिगुला याने करांचा कायदा अतिशय बारीक अक्षरांत लिहून अडचणीच्या जागी लावला होता, असे इतिहासकार सुएटोनियस सांगतो; हेतू हा की कोणाला तो उतरून घेता येऊ नये. आमच्या शासनाचा हेतू तसा नसेल. पण संकेतस्थळावरील इंग्रजी अधिसूचना, त्यातला तक्ता आणि त्या तक्त्यातली तळटीप वाचून नालासोपाऱ्याच्या बेकरीवाल्याची गत रोमन नागरिकापेक्षा फार बरी होते, असे म्हणवत नाही. कायदा करणाऱ्यांनी तो समजावून सांगण्याची जबाबदारी टाळली, तर त्यांच्यावरही दोष येतो.

तथापि, येथेच थांबता येत नाही. सर्वच बदल मालकांच्या कानावर उशिरा येतात काय, हे पाहण्यासारखे आहे. २०२२ साली दुकाने कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक दुकानावर मराठी पाटी सक्तीची झाली, दहांपेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानांनाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्या दोन महिन्यांत हा कायदा माहीत नसलेला दुकानदार शोधून सापडला नसता. पाट्या रंगवणाऱ्यांना उसंत नव्हती. पाटी रस्त्यावरून दिसते. पगाराची नोंदवही दिसत नाही. कामगार विम्याच्या वर्गणीत मालकाचा हिस्सा पावणेपाच टक्क्यांवरून सव्वातीन टक्क्यांवर आला, ही वार्ताही झटकन पोहोचली, कारण तीत मालकाची बचत होती. स्त्रियांच्या व्यवसाय कराची सूट अशी की तीत मालकाचा ना लाभ ना तोटा. ज्या कार्यालयात ती वार्ता कोणी आणली नाही, तेथे वीस हजार पगाराच्या बाईचे वर्षाला अडीच हजार रुपये उगाच कापले गेले, आणि ते कोणाच्याच खिशात राहिले नसल्यामुळे कोणाला टोचलेही नाही.

यावरून मला असे वाटते की, आपले अज्ञान आपण समजतो तितके निष्पाप नसते. दंडाचे भय किंवा पैशाची बचत असेल तेथे आपले कान तीक्ष्ण होतात. केवळ दुसऱ्याचे हित असेल तेथे आपणास वेळ नसतो. अक्वायनस यांनी अज्ञानाचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. एक, जे प्रयत्न करूनही दूर करता येत नाही. त्याचा दोष लागत नाही. दुसरे, जे जाणून घेणे आपल्या स्थानामुळे आपल्यावर बंधनकारक होते आणि आळसाने आपण जाणले नाही. ते स्वतःच दोष ठरते. येथे ‘स्थान’ हा शब्द महत्त्वाचा आहे. औषधाची नवी माहिती सामान्य माणसाला नसली तर चालते; डॉक्टरला नसली तर चालत नाही, कारण त्याच्या अज्ञानाची किंमत रोगी मोजतो. मालकाचे तेच आहे. वेतनाचा नवा आकडा मालकाला ठाऊक नसला तर महिन्याच्या अखेरीस मालकाच्या पेटीत पैसे अधिक राहतात आणि कामगाराच्या घरी कमी जातात. ज्या अज्ञानाचा लाभ नेमका आपल्यालाच होतो, त्याच्याकडे थोड्या संशयानेच पाहावे. बरे, कामगाराने स्वतः जाणून घ्यावे म्हटले, तर जव्हार-मोखाड्याहून किंवा उत्तर प्रदेशातून आलेला, दिवसाचे दहा तास यंत्रावर उभा राहणारा माणूस राजपत्र केव्हा वाचणार? आणि वाचलेच, तर मालकाला जाऊन सांगण्याचे धैर्य कोठून आणणार? दोघेही अज्ञानात असले तरी एकाला त्यातून बाहेर पडण्यासाठी हिशेबनिसाला एक दूरध्वनी करावा लागतो. दुसऱ्याला नोकरी पणाला लावावी लागते.

आता आपल्या समाजाच्या एका आवडत्या उत्तराकडे वळतो. ‘आमचा माणूस आम्ही घरच्यासारखा ठेवला आहे. कायद्याची गरजच काय?’ हे उत्तर ढोंगाचे नसते, हे मी आरंभीच सांगतो. नाताळात नोकराला कपडे शिवणारे, त्याच्या मुलीच्या लग्नाला उचल देऊन ती परत न मागणारे, त्याच्या आजारपणात रात्री रिक्षा करून दवाखान्यात नेणारे मालक मी पाहिले आहेत. ही माणुसकी कोणत्याही संहितेत सापडणार नाही. पण हेच पुष्कळदा हक्काची जागा अडवून बसते. घरच्यासारख्या माणसाला हजेरीपत्रक नसते, रजेचा हिशेब नसतो, जादा तासांचा दुप्पट दर नसतो, आणि वीस वर्षांनी तो गेला की उपदानही नसते. घरचा म्हणावा तर घरात त्याचा वाटाही नसतो! जे त्याला हक्काने मिळावयाचे ते त्याला कृपेने मिळते. आणि कृपा मालकाच्या मनःस्थितीवर, धंद्याच्या तेजीमंदीवर, प्रसंगी मालकाच्या सुनेच्या स्वभावावर अवलंबून राहते. लग्नाची उचल घेतलेला नोकर जादा तासांची मजुरी मागू शकत नाही, कारण त्याच्या तोंडावर उपकाराचा हात असतो.

द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला या ठिकाणी हटकून दिला जातो. शेवटच्या तासाला आलेल्यांनाही त्याने पूर्ण दिवसाचे वेतन दिले, म्हणून औदार्याची थोरवी आपण गातो. मत्तयच्या शुभवर्तमानातील तो दृष्टांत स्वर्गाच्या राज्याविषयी आहे, मजुरीच्या दराविषयी नाही, हे खरे. तरीसुद्धा त्यातला मालक कसा आहे हे नीट पाहावे. सकाळी आलेल्यांशी त्याने दर ठरवला होता आणि तो दर त्याने पूर्ण चुकता केला. औदार्य त्यानंतरचे. दुसरे असे की, संध्याकाळ होताच त्याने कारभाऱ्याला बोलावून मजुरी वाटावयास सांगितली. का? मोशेच्या नियमशास्त्रात मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, अशी आज्ञा होती. तो उदार मालक आपल्या काळचा मजुरीचा कायदा जाणत होता आणि पाळत होता. आजच्या वेतन संहितेत काम सोडणाऱ्या किंवा काढलेल्या कामगाराचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करावा, असे कलम आहे. ‘पुढच्या महिन्यात येऊन घेऊन जा’ हे आपल्याकडचे नेहमीचे वाक्य या दोन्ही कायद्यांत बसत नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या आपल्या परिपत्रकात हाच क्रम धरला होता. कामगार राजीखुशीने कमी वेतनावर तयार झाला, म्हणून ते वेतन न्याय्य होत नाही. गरजेपोटी दिलेली संमती ही खरी संमती नव्हे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

व्यक्तींपेक्षा संस्थांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक कठीण होतो, कारण संस्थेजवळ ‘आम्ही सेवा करतो’ हे भक्कम समर्थन असते. शिक्षकांच्या उपदानाचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे. उपदानाचा कायदा १९७२ चा. ३ एप्रिल १९९७ च्या अधिसूचनेने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या शिक्षणसंस्थांना तो लागू झाला. पुढे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कायद्यातील ‘कर्मचारी’ या शब्दाच्या व्याख्येत शिक्षक बसत नाही. शिपायाला उपदान मिळावे आणि शिक्षकाला मिळू नये, असा विचित्र प्रसंग आला. न्यायालयानेच संसदेचे लक्ष त्याकडे वेधले. २००९ मध्ये व्याख्या दुरुस्त झाली, आणि तीही ३ एप्रिल १९९७ पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने. खासगी शाळांच्या संघटना न्यायालयात गेल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवून सहा आठवड्यांत व्याजासह रक्कम देण्याचा आदेश दिला.

या पंचवीस वर्षांत किती शिक्षिका निवृत्त झाल्या असतील याचा विचार करावा. उपदानाचे गणित सोपे आहे. शेवटचे मासिक वेतन भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले सेवेची वर्षे. सव्वीस हजार वेतनावर वीस वर्षे शिकवणाऱ्या बाईंचे तीन लाख रुपये होतात. विनाअनुदानित शाळेच्या तिजोरीला हा आकडा जड जातो, हे नाकारण्यात अर्थ नाही. फी वाढवावी तर गरीब मुलांचे काय, हा चालकांचा प्रश्नही खोटा नाही. पण २००४ ते २००९ या काळात ‘कायद्याने आम्ही बांधलेले नाही’ असे म्हणता येत असले, तरी शिक्षकाची सेवा शिपायाच्या सेवेइतकीही मोलाची नाही, असे मनापासून मानणारा एकही शाळाचालक आपल्याला भेटला नसता. म्हणजे काय देणे न्याय्य आहे ते ठाऊक होते. कायद्यातील एका शब्दाने सवलत दिली होती इतकेच. काहींनी ती घेतली, काहींनी त्या काळातही उपदान दिले. ज्यांनी दिले त्यांना २०२२ च्या निकालाची धास्ती वाटण्याचे कारण नव्हते.

कायद्याबरोबर चालणे याचा अर्थ प्रत्येक राजपत्राच्या मागे धापा टाकत धावणे, असा मी घेत नाही. बदल कोणत्या दिशेने चालले आहेत हे ओळखणाऱ्याला धावावे लागत नाही. पूर्वी किमान वेतन केवळ अनुसूचित रोजगारांना होते. वेतन संहितेने ते सर्व रोजगारांना दिले. पूर्वी ठरावीक मुदतीवर घेतलेल्या माणसाला उपदानासाठी पाच वर्षे भरावी लागत. आता एक वर्ष पुरते. घरकामगारांचेही पाहा. महाराष्ट्राने २००८ मध्ये त्यांच्यासाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या हक्कांसाठी कायद्याचा विचार करण्यास केंद्राला समिती नेमावयास सांगितले. कायदा येईल तेव्हा येईल. घरी भांडी घासणाऱ्या बाईला आठवड्याची एक भरपगारी सुटी देण्यासाठी समितीच्या अहवालाची वाट पाहण्याचे कारण मला दिसत नाही. सर्वच बदल कामगाराच्या बाजूने होतात असेही नव्हे. दिवसाचे तास नऊचे दहा करण्याची मुभा हे त्याचे उदाहरण. अशा ठिकाणी कायद्याने दिलेली मुभा वापरलीच पाहिजे, असे बंधन मालकावर नसते.

लहान मालक शेवटी म्हणतो, ‘मोठी कंपनी मला नगाला जो भाव देते, त्यात किमान वेतन बसतच नाही.’ हे पुष्कळदा सत्य असते, आणि म्हणून पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या परिपत्रकात मांडलेली ‘अप्रत्यक्ष मालका’ची कल्पना येथे उपयोगी पडते. कामगाराला हातात पगार देणारा तो प्रत्यक्ष मालक. पण ज्यांच्या धोरणांमुळे, करारांमुळे तो पगार ठरतो तेही त्या अन्यायाचे वाटेकरी होतात. ही कल्पना आपल्या सोसायट्यांच्या बैठकांत लागू करून पाहावी. पहारेकऱ्यांसाठी तीन कंत्राटदारांची निविदा येते. सर्वांत कमी आकड्याला बारा तासांच्या पाळीने आणि माणसांच्या संख्येने भागले, तर त्यातून किमान वेतन निघूच शकत नाही, हे पाचवीतल्या मुलालाही कळेल. तरी ठराव एकमताने मंजूर होतो. कंत्राटदार कायदा मोडतो. आपण केवळ स्वस्त निविदा स्वीकारतो!

काही व्यवस्था सहज होण्यासारखी आहे. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात हिशेबनीस, वकील, कामगार खात्यात किंवा कंपन्यांच्या कर्मचारी विभागात नोकरी केलेले लोक आहेत. जानेवारीत व जुलैत त्यांनी एक पानभर मराठीत नवे आकडे लिहून चर्चच्या फलकावर लावले, तर मालकही वाचतील आणि कामगारही. दोघांनी एकाच फलकावर एकाच वेळी वाचले की निम्मे वाद मिटतील. नव्या संहितेत निरीक्षकाला सुविधाकाराचीही भूमिका दिलेली आहे. पहिल्या चुकीला खटल्याआधी सुधारण्याची लेखी संधी मिळते. विचारावयास गेले तर आपणच पकडले जाऊ, ही जुनी भीती त्यामुळे कमी व्हावयास हरकत नाही.

राहतो तो सर्वांत अवघड भाग, मागच्या थकबाकीचा. समजा, एका मालकाला आज कळले की गेली चार वर्षे तो जुन्या दराने वेतन देत होता. हेतू वाईट नव्हता. जुन्या किमान वेतन कायद्यात कामगाराला दाव्यासाठी सहा महिने मिळत, नव्या संहितेत तीन वर्षे मिळतात. त्यापलीकडे कायदा हात झटकतो. नीतिशास्त्राची परंपरा मात्र एक निराळा भेद करते. दुसऱ्याची वस्तू सद्भावनेने, आपलीच समजून बाळगणाऱ्याला तोपर्यंत दोष लागत नाही. पण ती दुसऱ्याची आहे हे कळल्या क्षणापासून तो तिचा राखणदार होतो, मालक राहत नाही. हिशेब मांडल्यावर रक्कम मोठी निघाली आणि एकदम देणे जमले नाही, तर कामगाराला आकडा सांगून हप्ते ठरवता येतात. आकडा न सांगता पुढच्या महिन्यापासून गुपचूप नवा दर सुरू करणे, हा सोयीचा मार्ग पुष्कळजण निवडतात. त्यात मागचे देणे फिटत नाही, केवळ झाकले जाते. काही कामगार एव्हाना काम सोडून गेलेले असतात, कोणी डहाणूकडे, कोणी आझमगडला. त्यांचा पत्ता कोठे शोधावा, असे आपण म्हणतो. पगार बँकेतून दिला असेल, तर त्यांचे खाते क्रमांक त्या वर्षांच्या फायलीत असतात.